तिकडल्या मायचं चित्र आणि रामराव भाऊंची उचकी

लिंबू-मिरची मी फक्त लोणच्यासाठी आणते. एवढं सांगितलं की माझ्या श्रद्धांबद्दल बाकी काही सांगायचं उरत नाही. शाळेच्या स्टाफरूममध्ये कोणी भुताखेताचं काढलं की 'शोभा मॅडम आल्या, विषय बदला' म्हणतात, कारण मी हसते, आणि माझं हसणं तीन वर्गांपलीकडं ऐकू जातं. तेव्हा पुढचं वाचून तुम्ही हसलात तर मला राग यायचा नाही. मीही हसले होते... नको तितकं हसले. गोष्ट तिथंच बिघडली.

मी वणीला राहते. चित्रकलेची शिक्षिका, वय त्रेपन्न, नवरा एक, तोही गरीब. मागच्या दिवाळीच्या सुट्टीत मी मावशीकडं गेले होते. तिचं गाव महागाव तालुक्यात, डांबरी रस्ता सोडून चार किलोमीटर आत. नाव सांगत नाही, मला तिथं अजून जायचं आहे. मावशीच्या भिंतीला भिंत लागून एक खोली आहे — वर पत्रा, पुढं शेणानं सारवलेला ओटा. त्या ओट्यावर एक म्हातारी बसलेली असते. सकाळी तिथंच, दुपारी तिथंच. मांडीवर कापसाचं गाठोडं, बोटांनी सरकी काढायची आणि वाती वळायच्या. गावातल्या सगळ्या देवघरांतल्या वाती तिच्या हातच्या. तिच्याशी बोलायला मात्र कोणी जात नाही. भांडण म्हणून नव्हे... सवय म्हणून.

तिला सगळे 'तिकडली माय' म्हणतात.

तिकडली म्हणजे कुठली, तर माजी सरपंच रामराव भाऊंची पहिली बायको. एकतीस वर्षांपूर्वी भाऊंनी दुसरी केली — सुमनबाई. पहिलीला ही खोली आणि दोन एकर तुकडा दिला, आणि पारावर चार माणसांत सांगितलं, "तिचं नाव माह्यासमोर कोनी घ्याचं नाही." स्वतःही घेतलं नाही. अगदीच वेळ आली तर 'थे तिकडली' म्हणायचे. गाव मोठं आज्ञाधारक. गावानंही तेच सुरू केलं. ती तरुण होती तेव्हा नुसती तिकडली, केस पिकल्यावर तिकडली माय. एवढाच काय तो मान वाढला.

हे सगळं मावशीनं मला भज्यांच्या कढईशी बसून सांगितलं, आणि माझ्या हातांना खाज सुटली. मी दोन दिवस मायसमोर ईझल लावून बसले. तिनं हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. फिकट निळं लुगडं, गुडघ्याशी जोडलेल्या टाचा, उजव्या डोळ्यात मोतीबिंदू, आणि नजर समोरच्या रस्त्यावर, जिथं बघण्यासारखं काहीही नव्हतं. दोन दिवसांत आमचं एवढंच बोलणं झालं —

"माय, काय पाहून राह्यल्या तिकडं?"

"पाहून नाही राह्यली. आठवून राह्यली."

"कोनाले?"

"हाये एक," ती म्हणाली आणि वात वळली.

तो चेहरा मला जमला. फुशारकी नाही मारत... तीस वर्षं फळा आणि फुलदाणी काढणाऱ्या बाईला तसा चेहरा एकदाच जमतो. चित्र सुकल्यावर मागं नेहमीप्रमाणे लिहिलं : 'ग्रामीण वृद्धा, तैलरंग'. आणि वणीला आणून समोरच्या खोलीत दिवाणाच्या वर टांगलं.

आता वणीची एक गंमत तुम्हाला सांगायला हवी. आमच्याकडं धूळ काळी असते. राजूरकडून कोळशाचे ट्रक दिवसभर जातात, आणि खिडकी उघडी राहिली की संध्याकाळपर्यंत पांढरी मांजर करडी होते. म्हणून मी सकाळी दहाला शाळेत जाताना चित्रावर जुनी साडी टाकायची, पाचला आले की काढायची. ही वेळ लक्षात ठेवा.

मावशी मला रोज फोन करते. तिच्या फोनमध्ये गावाचं बातमीपत्र असतं : कोणाची म्हैस, कोणाची सून, सोयाबीनचा भाव. त्यात एक नवीन बातमी सुरू झाली. रामराव भाऊंना उचकी लागली होती.

"लागली तं लागली, पानी पी म्हणा," मी म्हटलं.

"अवं पानी झालं, साखर झाली, पाठीत बुक्के झाले. पाच वाजले का सुरू होते, रातभर. सकायी दहा वाजता थांबते. लोक म्हणतात, भाऊच्या उचकीले ड्यूटी लागली."

"आणि रविवारी?"

"रविवारी दिवसभर."

मी हसले. पुसदच्या डॉक्टरनं गोळ्या दिल्या, नांदेडच्या डॉक्टरनं दुर्बीण घातली, काही सापडलं नाही. मग गावानं आपला उपाय काढला. उचकी लागली की कोणीतरी आठवण काढतंय, आणि बरोबर माणसाचं नाव घेतलं की ती थांबते. हे आपण सगळेच लहानपणापासून करतो, विश्वास असो की नसो. भाऊ खाटेवर बसून नावं घेऊ लागले. मुलगे, जावई, व्याही, मेलेले आईबाप, शाळेतले मास्तर.

"आमदाराचं बी घेऊन पाह्यलं," मावशी म्हणाली. "पन थो कायले याची आठवन काढन?"

डिसेंबरात एका बुधवारी आमच्या शाळेला स्थानिक सुट्टी होती. मी दिवसभर घरी, चित्र दिवसभर उघडं. संध्याकाळी मावशीचा फोन — "आज बुधवार असून भाऊची उचकी थांबलीच नाही वं, सकायपासून चालू हाये." माझ्या हातात भाकरीचं पीठ होतं. मी तशीच समोरच्या खोलीत गेले आणि मायकडं बघत उभी राहिले. ती रस्त्याकडं बघत होती. म्हणजे माझ्या दिवाणाकडं.

'पाहून नाही राह्यली. आठवून राह्यली.'

शास्त्रीय वृत्तीच्या माणसानं काय करावं? प्रयोग. दुसऱ्या दिवशी मी शाळेला अर्धी रजा टाकली. मावशीला म्हटलं, लोणच्याची वाटी घे, भाऊंच्या ओट्यावर जा, आणि फोन चालू ठेवून पदरात धर. अकरा वाजलेले, चित्र साडीखाली, भाऊ गप्प. मागं सुमनबाईंचा आवाज येत होता, "बसा ना बाई, आता जरा बरं हाये त्याईले." मी साडी काढली.

हिक्.

साडी टाकली. शांत. भाऊ म्हणाले, "गेली वाट्टे."

काढली. हिक्.

मी हे सात वेळा केलं. सातव्या वेळी मी दिवाणावर आडवी पडून हसत होते आणि आमचे हे दारात उभे राहून विचारत होते की डॉक्टरला बोलवू का. त्यांना सांगितल्यावर ते म्हणाले, "शोभा, हे बरं नाही." मी म्हटलं, "त्या माणसानं केलं ते बरं होतं का?" ते चहा टाकायला आत गेले. गरीब आहेत म्हटलं ना.

पुढचे काही आठवडे मी जे केलं ते सांगते, कारण न सांगता ही गोष्ट पुरी होत नाही. गावच्या शाळेत निरोप समारंभ होता, भाऊ प्रमुख पाहुणे. मावशीकडून मी वेळ काढून घेतली आणि शाळेला रजा टाकली. भाऊ माईकसमोर उभे राहिले, "विद्यार्थी मित्रहो" म्हणाले आणि मी साडी ओढली. स्पीकरमधून ती उचकी म्हणे पार नाल्यापलीकडं गेली. पोरं बाकांवर लोळली. भाऊंच्या धाकट्या मुलाच्या साखरपुड्यात, व्याह्याला पेढा भरवताना. पारावर, भावकीचा निवाडा करताना. मी जेवण सोडून वेळ सांभाळायची. मावशी तिकडून समालोचन करायची. आम्ही दोघी बायका, मिळून एकशे सव्वीस वर्षांच्या, अशा खुशीत होतो की विचारू नका.

मग एका शुक्रवारी मी साडी टाकली आणि उचकी थांबली नाही.

मावशी म्हणाली, "झाक की वं."

"झाकलंय."

"मंग हे काय आयकू येते?"

मी वरून चादर टाकली. चित्र उलटं केलं, तोंड भिंतीकडं. गोदरेजच्या कपाटात साड्यांमागं ठेवून कुलूप लावलं. हिक्, हिक्, पदरातल्या फोनमधून, घड्याळासारखी. शनिवारी तशीच. रविवारी तशीच. आता दहाची सुट्टी नव्हती. भाऊ दिवसा झोपून घेत होते, तेही गेलं. आठ दिवसांत भाऊंच्या तोंडात भाताची पेज तेवढी जात होती, तीही अर्धी बाहेर यायची. मावशीच्या आवाजातली गंमत उतरली. "गयाची हाडं वर आली त्याच्या," ती म्हणाली. "शोभे, मानूस जाईन वं."

आणि मावशीच्या पोटात काही राहत नाही, त्यामुळं त्यानंतर तिसऱ्या दिवशी मला सुमनबाईंचा फोन आला. मला वाटलं शिव्या देतील. त्यांनी शिव्या दिल्या नाहीत.

"ताई, तुमच्या पाया पडतो. थे चित्र जाळून टाका."

मी चित्र अंगणात नेलं. रॉकेल आता मिळत नाही, टर्पेंटाइन होतं. काडीपेटी हातात घेतली. खरं सांगते, भीती वाटली नाही. चेहरा बघितला आणि हात धजला नाही, एवढंच. असा चेहरा मला पुन्हा जमणार नव्हता. एका माणसाचा जीव एका बाजूला आणि माझं चित्र दुसऱ्या बाजूला, आणि मी काडीपेटी खाली ठेवली. सुमनबाईंना म्हटलं, "जाळण्यापेक्षा जिचं आहे तिलाच विचारू. मी घेऊन येते."

रविवारी सकाळी हे गाडी चालवत होते, माय मागच्या सीटवर चादरीत. दुपारी दोनच्या सुमारास पोचलो. मी चित्र ओट्यावर भिंतीला टेकवून ठेवलं. खरी माय त्याच्या शेजारी बसली होती, तशीच, त्याच लुगड्यात. तिनं चित्राकडं एकदा बघितलं. "लई म्हातारी दाखवली," म्हणाली आणि कापूस हातात घेतला.

भाऊ आले. दोन मुलांनी दंडाला धरून आणलं, मागं सुमनबाई. एकतीस वर्षांत ते या गल्लीत पहिल्यांदा पाऊल टाकत होते, तेव्हा अर्धं गाव आपापलं काम घेऊन रस्त्यावर आलं होतं. कोणी दोरी वळत होतं, कोणी नुसतंच झाडत होतं. भाऊ ओट्याखाली मातीत बसले. ओट्यावर बसा असं कोणी म्हटलं नाही.

सुमनबाई म्हणाल्या, "बाई, काय असन थे सोडा आता. मानूस जाते."

"म्या काय धरलं?" माय म्हणाली. "उचकी हाये. आठवन काढनाऱ्याचं नाव घ्या म्हणा, थांबन."

केवढं सोपं होतं. मला खरंच हायसं वाटलं. एकतीस वर्षांची अढी, पण एक शब्द, आणि सुटका. सुमनबाईंनीच नवऱ्याच्या खांद्याला हात लावला. "घ्या जी. मी काही नाही म्हणत. घ्या नाव."

भाऊंनी तोंड उघडलं. हिक्. पुन्हा उघडलं. आम्हाला वाटलं अभिमान आडवा येतोय. मग त्यांच्या कपाळावर घाम दिसला, आणि मला कळलं की तसं नव्हतं.

त्यांना आठवत नव्हतं.

"सरस्वती," ते म्हणाले. हिक्. "सावित्री." हिक्. "गोदावरी... यमुना..."

"नदी नाही मी," माय म्हणाली.

कोणीतरी हसलं. मी नव्हते. भाऊ मुलांकडं बघू लागले. मुलं सुमनबाईंची, त्यांना काय ठाऊक. त्यांनी मावशीकडं बघितलं, आणि मावशीनं मायकडं. मायनं फक्त मान हलवली — नाही. मावशीसारखी मावशी, तिनं ओठ मिटून घेतले.

"मॅडम," भाऊ मला म्हणाले, "तुम्ही चित्र काढलं. तुम्हाले माहीत असन."

आणि मी, जी त्या बाईसमोर दोन दिवस बसले, तिच्या पापण्यांचे केस मोजले, तिच्या बाजूनं एवढी मजा केली... मी चित्र उलटं करून बघितलं, जणू तिथं लिहिलेलं असेल. 'ग्रामीण वृद्धा, तैलरंग'. मी नाव विचारलंच नव्हतं.

"तुम्हीच ठेवलं होतं," माय भाऊंना म्हणाली. आवाज अगदी साधा, भाजीचा भाव सांगावा तसा. "माहेरचं मोडून. लग्नात, ताटातल्या तांदयात, आंगठीनं लिवलं. मी वाचाले वाकली तं तुमची माय म्हणे, नवरीनं एवढं वाकू नाही."

मोठ्या मुलाला युक्ती सुचली. तो धावत घरी गेला आणि मतदार यादी घेऊन आला. सरपंचाच्या घरात बाकी काही नसलं तरी मतदार यादी असते. पानं उलटून त्यानं बोट ठेवलं आणि बापासमोर धरली. भाऊंनी चष्मा लावला. सगळी गल्ली थांबली, झाडणारी बाईसुद्धा.

"कौसल्या," भाऊंनी वाचलं. "कौसल्या रामराव..."

आम्ही मोजलं. एक, दोन, तीन... सुमनबाईंनी डोळे मिटले होते. मी मनात म्हटलं, चला, झालं.

हिक्.

"कौसल्या," ते मोठ्यानं म्हणाले. हिक्. "कौसल्या, कौसल्या."

"वाचून नाही," माय म्हणाली. "आठवून."

मी हे सगळं कितीदा तरी तपासलं आहे. योगायोग म्हणावा तर सात वेळा साडी वर-खाली केली ती माझ्याच हातांनी. मनाचा खेळ म्हणावा तर भाऊंना चित्राबद्दल काही माहीतच नव्हतं, खेळ कोणाच्या मनाचा? आणि झाकणं एकाएकी चालेनासं का झालं, याला तर माझ्याकडं वेडंवाकडंसुद्धा उत्तर नाही. आमच्या विज्ञानाच्या सरांना विचारलं. ते म्हणाले, श्वासपटलाचा मज्जातंतू. मी म्हटलं, वणी ते महागाव एवढा लांब? चित्र पुन्हा माझ्या दिवाणावर आहे, कारण माय ठेवून घ्यायला तयार झाली नाही. मी त्यावर काही टाकत नाही आता. धूळ बसली तर ब्रशनं झटकते. मागचं 'ग्रामीण वृद्धा' खरवडून तिथं नाव लिहिलं आहे. त्यानं काही फरक पडला नाही, पडेल असं वाटलंही नव्हतं.

भाऊ मेले नाहीत. याचंही स्पष्टीकरण नाही, डॉक्टरांकडंसुद्धा. झालं असं की त्या रविवारी उठता उठता ते पुटपुटले, "लुगडं हिरवं होतं... लग्नात." आणि उचकी थांबली. पाऊण तास थांबली. तेवढ्यात सुमनबाईंनी त्यांना वाटीभर वरण-भात चारला.

तेव्हापासून ते रोज जेवणाच्या वेळेला मायच्या ओट्याखाली येऊन बसतात. माय वाती वळता वळता विचारते. तुमच्या मायनं मले पयल्या दिवशी काय रांधाले लावलं? माह्या पायाले काय लागलं होतं? माहा भाऊ मेला तवा मले जाऊ दिलं का? खरं आठवलं तर पाऊण तास, तासभर मिळतो. अंदाज केला तर काहीच नाही. काही दिवस ते तीन-तीन गोष्टी आठवतात, काही दिवस उपाशी घरी जातात. सुमनबाई ताट झाकून रस्त्याच्या पलीकडं उभ्या असतात आणि सगळं ऐकतात. कधी कधी त्यांच्याही डोळ्यांत काहीतरी येतं, पण ते नवऱ्यासाठी की कोणासाठी, मावशीला सांगता येत नाही.

परवा मावशीचा फोन आला. आवाज हळू.

"आज तिनं इचारलं, पोरीचं नाव काय होतं."

"कोणती पोरगी?"

"झालती तिले एक. भाऊनं दुसरी कराच्या लई आंधी. नऊ दिवस राह्यली. भाऊले आठवलं वं. लगेच आठवलं. रडलाच. म्हणे, नाव नव्हतं ठेवलं, बाराव्या दिवशी बारसं होतं, त्याच्या आंधीच गेली."

"मग? थांबली?"

"मले बी वाटलं, आता थांबन. कायमची थांबन. तं थे म्हणते, 'ठेवलं होतं. म्या ठेवलं होतं. तुम्ही कदी इचारलं नाही.'"

"काय होतं नाव?"

"सांगते कुठं," मावशी म्हणाली. "वाती वळून राह्यली."

ती फोन ओट्याजवळूनच करत होती बहुतेक. मागं उचकी ऐकू येत होती.